सत्याची सरासरी निघत नाही

हल्ली सुशिक्षित वाचकांत एक मत सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. एकाच देशाची वर्तमानपत्रे वाचू नयेत. इंटरनेटवर लंडन, मॉस्को, दोहा, बीजिंग सगळे घरबसल्या उघडते. चारही वाचावीत, प्रत्येकाचा पूर्वग्रह वजा करावा, उरेल ते सत्य. पूर्वपक्ष लोभस आहे. त्यात उदारपणाही दिसतो आणि कष्टही फारसे पडत नाहीत!

पहिली अडचण, चार दिसतात ते पुष्कळदा चार नसतातच. रॉयटर्स, हावास आणि वोल्फ या वृत्तसंस्थांनी १८७० मध्ये करार करून बातम्यांसाठी जग आपसांत वाटून घेतले होते. तो करार कधीच मोडला. पण आजही रॉयटर्स, एपी किंवा एएफपीचा एकच मजकूर निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मथळ्यांखाली छापला जातो. साक्षीदार एक, फक्त पगड्या वेगळ्या.

आणि जिथे खरोखर मतभेद असतो तिथे? १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ विमान पूर्व युक्रेनवर पडले. २९८ माणसे गेली. पाश्चात्त्य पत्रे म्हणाली, रशियाधार्जिण्या बंडखोरांच्या मुलखातून सुटलेले बुक क्षेपणास्त्र. चारच दिवसांनी रशियाच्या संरक्षण खात्याने सांगितले, त्या विमानाजवळ युक्रेनचे सुखोई-२५ हे लढाऊ विमान दिसले होते. यांची सरासरी काढायची कशी? अर्धे क्षेपणास्त्र आणि अर्धे सुखोई?

तुलना इथेही कामाला आली, पण ती दोन देशांची नव्हे. एकाच बाजूच्या कालच्या आणि आजच्या बोलण्याची. जून २०१५ मध्ये बुक बनवणाऱ्या अल्माझ-आंतेय या रशियन सरकारी कंपनीनेच विमान बुकने पडल्याचे मान्य केले. फक्त ते युक्रेनच्या ताब्यातल्या गावाजवळून सुटले, असे तिचे म्हणणे. सुखोई विरून गेले. त्याच ऑक्टोबरात डच सुरक्षा मंडळाचा अहवाल आला. विमानचालकांच्या कक्षातल्या कर्मचाऱ्याच्या देहात, बुकच्या स्फोटाग्रात असतो तसा, डमरूच्या आकाराचा पोलादी तुकडा सापडल्याची नोंद त्यात आहे. नेदरलँड्सही ‘नाटो’तलेच, त्यांचे का मानावे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तर मंडळाचे राष्ट्रीयत्व सोडून तो तुकडा पाहायचा.

मुळात ‘देश’ हे तुलनेचे मापच तोकडे. इराक युद्धाआधी न्यूयॉर्क टाइम्सने इराककडच्या संहारक अस्त्रांच्या बातम्या ठळकपणे छापल्या, आणि त्या पुरेशा काटेकोर नव्हत्या अशी कबुली मे २००४ मध्ये दिली. त्याच काळात त्याच अमेरिकेत नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाचे वॉशिंग्टनमधले बातमीदार, मंत्र्यांपेक्षा खालच्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी बोलून, सरकारचा दावा कच्चा असल्याचे लिहीत होते. परदेशी पत्रांत युद्धविरोध भरपूर मिळाला असता. त्या अधिकाऱ्यांना नेमकी कशाची शंका येते, हे मात्र वॉशिंग्टनच्याच बातमीत होते.