माळव्याची अफू आणि दुधाचे दात

धार म्हटले की आपल्याला भोजराजा आठवतो. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १७७५ साली धारच्याच किल्ल्यात जन्मला, हेही इतिहास वाचलेल्यांना ठाऊक असते. देवास म्हटले की कुमार गंधर्व! ही संस्थाने पवारांची, त्यामुळे माळव्यात असूनही मराठी माणसाला ती घरचीच वाटतात. पण या मुलखाची आणखी एक ओळख होती, ती म्हणजे अफू. आणि तिचा संबंध थेट तान्ह्या मुलांच्या हिरड्यांशी येऊन पोचतो.

माळव्याची काळी जमीन ओल धरून ठेवते. तिथे हिवाळ्यात खसखशीचे पीक चांगले येई. बोंडांना चिरा द्यायच्या आणि पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, ही अफू. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळवा मात्र शिंदे, होळकर, पवार यांचा. तिथे कंपनीचा हुकूम सरळ चालेना. कंपनीने मुंबईची वाट अडवली तेव्हा व्यापाऱ्यांनी राजस्थान-सिंधमार्गे कराची आणि तिथून पोर्तुगीजांचे दमण गाठले. मूळ गोव्याचा आणि मुंबईत व्यापार करणारा रोजेरियो द फारिया हा या धंद्यातला मोठा असामी. १८३५ साली बेर्नार्दो पेरिस द सिल्वा यांची गोव्यातली सत्ता गेली, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभा राहिला तो हाच. पुढे १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि दमणची वाट बंद पडली.

माळव्याची बहुतेक अफू चीनला गेली, हे आपण वाचलेले असते. पण सगळी नाही गेली! एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खाल्ली जाणारी अफू मुख्यतः माळव्याचीच होती, आणि खाणाऱ्यांत तान्ही मुलेही होती. सहाव्या महिन्याच्या सुमारास दात शिवशिवू लागतात, लाळ गळते, मूल रात्ररात्र किरकिरते. अशा वेळी अफूचा कण चाटवला की मूल गप्प! १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या या चालीबद्दल साक्षी झाल्या. मुंबईत तर ‘बाळागोळी’ या नावाने अफूच्या गोळ्या विकत मिळत. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरच्या पाहणीत आढळले की गिरणीकामगार बायांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जात होती.

त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण दिवसभर गिरणीत उभे राहायचे, आणि मूल सांभाळायला घरी कोणी नाही. मूल झोपले नाही तर मजुरी बुडणार. ती गोळी त्या बाईने हौसेने का दिली असेल? शिवाय ही गोष्ट आपल्याकडचीच नव्हती. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे औषध खास दात येणाऱ्या मुलांसाठी म्हणून विकले जाई. त्यात मॉर्फिन होते, म्हणजे अफूचाच अर्क. अनेक मुले त्या झोपेतून उठलीच नाहीत. तिथल्या वैद्यकीय संघटनेने १९११ साली त्याला बालघातकी औषधांत गणले.

मी सरकारी कचेरीत कारकुनी करतो, म्हणून मला एक गोष्ट जाणवते. अफूच्या पेट्या किती, जकात किती, याचे रकाने वर्षानुवर्षे चोख भरले गेले. गप्प झालेल्या मुलांसाठी मात्र रकानाच नव्हता.

आणि गंमत पाहा, शहाणपण आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेले होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात म्हटले आहे की दात येताना होणाऱ्या त्रासासाठी मुलाला उपचारांनी फार जखडू नये. दात आले की तो त्रास आपोआप शमतो. एक दुरुस्ती मात्र आजच्या ज्ञानाने करायला हवी. मोठा ताप किंवा जुलाब हे ‘दातांमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. सहाव्या महिन्यात मूल दिसेल ते तोंडात घालते, आईकडून आलेली रोगप्रतिकारशक्तीही ओसरू लागते. तेव्हा डॉक्टर गाठावा.

बाकी काळजी साधी आहे. धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळावी, थंड केलेले स्वच्छ ओले फडके चावायला द्यावे. पहिला दात दिसला की सकाळी आणि रात्री तो पुसावा किंवा मऊ ब्रशने घासावा; फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. वर्षाच्या आत मध चाटवू नये. हिरडी बधिर करणारी मलमे दोन वर्षांच्या आत नकोतच. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, ही समजूतही आता मामाच्याच स्वाधीन करावी!

धार-देवासच्या वाटेवर आता गहू, सोयाबीन दिसते. परवान्याची अफू मुख्यतः मंदसौर-नीमचकडे पिकते. अफू गेली, पण मूल लवकर गप्प व्हावे ही घाई गेलेली नाही. म्हणून दुकानातून झोपेचे किंवा दातांचे एखादे औषध आणताना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. चार रात्री कडेवर घेऊन फिरावे लागले तर फिरा. तो दात येणारच आहे.