‘खरा ख्रिस्ती’ कोण? : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका प्रश्नाचा इतिहास

१

एखाद्या धर्माचा खरा अनुयायी कोण, हा प्रश्न वरकरणी धर्मशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो अनेकदा अधिकाराचा असतो. खरेपणाची कसोटी कोणी ठरवायची आणि ती कोणी कोणाला लावायची, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहते. डेन्मार्कमध्ये सोरेन किर्केगार्डने १८५४-५५ या काळात राज्यमान्य चर्चवर जी प्रखर टीका केली, तिच्या मुळाशी एक पेच होता : जेथे जन्मतःच सगळे ख्रिस्ती आहेत, तेथे ख्रिस्ती होणे म्हणजे नेमके काय? त्याच १८५४ साली बेळगावात बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापुढील पेच नेमका उलट होता. जेथे ख्रिस्ती मूठभर आहेत आणि ख्रिस्ती होणे म्हणजे घर, जात व नातीगोती यांना मुकणे आहे, तेथे आपले ख्रिस्तीपण खरे आहे हे कोणाला आणि कसे पटवून द्यायचे?

या प्रश्नाला मराठीत एक भाषिक अंगही आहे. समाजाच्या लेखी धर्मांतरित मनुष्य ‘बाटलेला’ असे. ‘बाटणे’ या क्रियापदात कर्तृत्व नाही. विटाळ जसा लागतो तसे बाटणे घडते. खाणेपिणे वा स्पर्श एवढ्याने मनुष्य बाटू शकतो, त्याने काही विचार केला होता की नाही हे गौण ठरते. धर्मांतरितांच्या लेखनाची पहिली गरज म्हणून हे कर्तृत्व परत मिळवणे ही होती. आपण बाटलो नाही, आपण निवड केली, हे सांगण्यासाठी त्यांना वाङ्मयप्रकार शोधावे लागले. आत्मचरित्र, पत्र, साक्ष, अभंग, स्मृतिचित्र या प्रत्येक प्रकाराने ‘खऱ्या ख्रिस्ती’ची वेगळी व्याख्या घडवली. वाङ्मयप्रकार आणि व्याख्या यांचा हा संबंध तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीची चर्चा मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून पुष्कळ झाली आहे. ‘अरुणोदय’ (१८८८) या त्यांच्या आत्मचरित्राकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. आयुष्याचा समग्र वृत्तान्त देण्यापेक्षा बाप्तिस्म्यापर्यंतची वाटचाल सांगणे हा या ग्रंथाचा मुख्य हेतू आहे. शीर्षकातही मध्यान्ह नाही, पहाट आहे. पदमनजी वाचत गेले, शंका घेत गेले, काही काळ परमहंस मंडळीकडेही ओढले गेले. मंडळीचे सभासद जातिभेद अमान्य करीत. परंतु सहभोजन गुप्तपणे चाले. मनात एक आणि जनात दुसरे, ही अवस्था पदमनजींना पुरेशी वाटली नाही.

येथे खरेपणाची पहिली कसोटी दिसते : पटलेले उघडपणे मान्य करणे. बुद्धीला पटणे आणि बाप्तिस्मा घेणे यांच्यामध्ये जो काळ जातो, तोच ‘अरुणोदय’मधील खरा संघर्षाचा काळ आहे. त्या काळात नायकाचा तर्क पूर्ण झालेला असतो. अडसर असतो तो आईवडिलांच्या दुःखाचा आणि लोकापवादाच्या भीतीचा. बन्यनच्या यात्रेकरूची कथा ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्येच मराठीत आली होती. आप्तांच्या हाका मागे टाकून पुढे जाणारा यात्रिक हा नमुना त्या पिढीच्या परिचयाचा होता. तमिळमध्ये एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांनी याच कथेवरून ‘रक्षण्य यात्रिकम्’ (१८९४) हे महाकाव्य रचले आणि तिला तमिळ भक्तिकाव्याच्या परंपरेत बसवले. मराठीत यात्रेचा हा आकृतिबंध प्रामुख्याने गद्यात, वादविवादाच्या अंगाने वाढला. तमिळ यात्रिक गातो, तर पदमनजींचा यात्रिक युक्तिवाद करतो. या फरकामागे मुंबई-पुण्यातील मिशन शाळा, नियतकालिके आणि खंडनमंडनाचे वातावरण होते.

३

युक्तिवादाची ही कसोटी सर्वांत कठोरपणे स्वतःला लावणारा मनुष्य म्हणजे नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५). काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने ख्रिस्ती मताचे खंडन करण्याच्या हेतूने त्याचा अभ्यास आरंभला आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन तो नेहेम्या गोऱ्हे झाला. ‘षड्दर्शनदर्पण’ या त्याच्या हिंदी ग्रंथात दर्शनांची चिकित्सा आहे. फिट्झएडवर्ड हॉल याने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु बाप्तिस्म्याने गोऱ्ह्यांच्या शंका संपल्या नाहीत. पुढे ते चर्चच्या परंपरेचा व अधिकाराचा आधार घेणाऱ्या अँग्लिकन पंथाकडे अधिकाधिक झुकले. शंकाकुल बुद्धीला विश्रांती हवी, ती व्यक्तीच्या मताला न मिळता मंडळीच्या परंपरेला मिळते, असा त्यामागील भाव दिसतो. गोऱ्ह्यांच्या दृष्टीने खरा ख्रिस्ती तो, जो स्वतःच्या तर्काला शेवटचा निवाडा करू देत नाही.

गोऱ्ह्यांच्या लेखनाचा प्रभाव पडून पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आणि तेथेच या कसोटीला सर्वांत मोठे आव्हान मिळाले. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला, तेव्हा या वादाचे स्वरूप अभ्यासकांपुढे आले. त्रैक्याचा सिद्धान्त, अॅथनेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार या प्रत्येक बाबतीत रमाबाईंनी प्रश्न उपस्थित केले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे काही बिशपांचे मत पडले, तेव्हा तेही त्यांना मान्य झाले नाही. आहाराचे नियम त्यांनी सोडले नाहीत. क्रुसावरील लॅटिन अक्षरांबद्दलही त्यांची तक्रार होती. भारतीय स्त्रीच्या क्रुसावर संस्कृत का नसावे, असा त्यांचा सवाल होता.

जेराल्डीन यांच्या लेखी हा अहंकार होता. खऱ्या ख्रिस्ती मनुष्याने प्रथम आज्ञाधारक असावे, ही त्यांची भूमिका. उलट, ज्या पुरोहितशाहीच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो, तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी १८८५ मध्ये दिले. या पत्रव्यवहारात केवळ दोन मतांचा विरोध नाही. एकीकडे साम्राज्याच्या केंद्रातील संस्था आहे, तर दुसरीकडे तिच्याच आश्रयाने राहणारी, आर्थिकदृष्ट्या परावलंबी, एका मुलीची विधवा आई. अशा स्थितीत ‘मी ख्रिस्ती आहे, परंतु तुमच्या व्याख्येने नव्हे’ असे म्हणण्याची किंमत मोठी होती. पत्र हा वाङ्मयप्रकार येथे निर्णायक ठरतो. आत्मचरित्रात कथेचा शेवट लेखकाच्या हाती असतो. पत्रात उत्तर येते आणि प्रश्न पुन्हा उघडा पडतो.

४

रमाबाईंनी पुढे स्वतःच हा प्रश्न निराळ्या पातळीवर नेला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी असे नमूद केले, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास सापडला. म्हणजे जेराल्डीनशी वाद घालणाऱ्या रमाबाईंना नंतरच्या रमाबाईंनीच अपूर्ण ठरवले. परंतु येथे त्यांनी जेराल्डीनची बाजूही घेतली नाही. आज्ञापालन नव्हे, मतांगीकारही नव्हे, तर अंतरीचा प्रत्यक्ष अनुभव ही नवी कसोटी होती. आणि तिचा निवाडा कोणताही बिशप करू शकत नव्हता.

या काळाची सामाजिक बाजू ध्यानात घ्यावी लागते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढील वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष असेल असे आश्वासन होते. विद्यार्थिनींना रमाबाईंच्या प्रार्थनेस बसता येते, यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनुभवाच्या कसोटीवर खऱ्या ठरणाऱ्या व्यक्तीने आपला अनुभव झाकून ठेवावा काय, आणि न झाकल्यास तिच्या आश्रयाला आलेल्या विधवांशी केलेल्या कराराचे काय, हा पेच खरा होता. पुण्यातील टीकाकारांचा आक्षेप केवळ पूर्वग्रहातून आला होता असे म्हणता येत नाही, आणि रमाबाईंची अडचण केवळ सबबीची होती असेही म्हणता येत नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हा पेच संस्थेचे ख्रिस्ती रूप उघडपणे पत्करून सोडवला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम अखेरपर्यंत चालले. त्यात रूढ धार्मिक संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. वाँटेजला संस्कृत अक्षरे मागणारी पंडिता केडगावला संस्कृतप्रचुर शब्द गाळते, यात वरवर विसंगती दिसते. दोन्ही ठिकाणी शोध एकच आहे : मध्यस्थाविना समजेल अशा भाषेचा.

५

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या वाटचालीत ही कसोटी बाप्तिस्म्याच्याही पलीकडे गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनबरोबर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम केले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, ही त्यांची भावना सर्वश्रुत आहे. अभंग आणि कीर्तन यांचा स्वीकार ही त्यांच्यासाठी प्रचाराची क्लृप्ती नव्हती. भक्ताचे देवाशी असलेले नाते कोणत्याही संस्थेच्या दाखल्यावर अवलंबून नसते, हा वारकरी संस्कार त्या वाङ्मयप्रकाराबरोबर आपोआप आत आला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुवर्ग होता. पदमनजींच्या कसोटीने पाहिले तर बाप्तिस्मा न घेणारा शिष्य अर्धवट ठरतो. टिळकांनी त्यालाच बरोबरीचे स्थान दिले. मात्र त्यांनी पदमनजींचा आग्रह नाकारला असे म्हणणे घाईचे होईल. दरबारात शिष्यत्व लपवायचे नव्हते. केवळ समाजापासून तुटण्याची अट काढली होती. टिळकांच्याच वर्षी जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१-१९०७) यांनी जन्माने हिंदू आणि श्रद्धेने कॅथलिक अशी दुहेरी ओळख वेदान्ताच्या परिभाषेत मांडली. त्यांचा आधार दर्शन होता, टिळकांचा भक्ती. दोघांनाही आपापल्या मंडळींकडून संशय सोसावा लागला.

लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८-१९३६) या सर्व व्याख्यांना घरगुती पातळीवर आणून तपासले. पतीच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, नंतरचे एकत्र येणे, मग १९०० मधील त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा, हा क्रम ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून) आला आहे. त्यात दिव्य प्रकाशाचा क्षण मध्यवर्ती नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे, या बाबतींत मन पालटते आणि श्रद्धेचे पालटणे त्याच्या मागोमाग येते. येथे खरेपणाची कसोटी ओट्यावर आणि पंगतीत लागते. लेखिकेचा विनोद तिला उपदेशापासून दूर ठेवतो. स्वतःचे सोवळेओवळे ती जितक्या मिश्किलपणे पाहते, तितक्याच मिश्किलपणे पतीचा धर्मोत्साहही.

६

पदमनजी वगळता येथवरचे सर्व लेखक ब्राह्मण होते आणि पदमनजीही शिक्षित, नागर वर्गातील. ही मर्यादा नोंदवल्याशिवाय या प्रश्नाचा इतिहास पूर्ण होत नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य सभासद महार समाजातून आलेले होते. दुष्काळांच्या काळात त्यांची संख्या वाढली आणि ‘पोटासाठी झालेले ख्रिस्ती’ असा शिक्का त्यांच्यावर बसला. ब्राह्मणाने धर्म बदलला तर त्याने काय सोडले याची मोजदाद होई. अस्पृश्याने बदलला तर त्याला काय मिळाले याची. सोडण्यासारखे ज्याच्याजवळ असते, त्याचा त्यागच खरेपणाचा पुरावा ठरतो, हा या कसोटीतला अंगभूत अन्याय होय. विहिरीवर आणि गावसभेत मान मागणे ही धार्मिक प्रेरणा नव्हे, असे मानण्यास कोणताही शास्त्राधार नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखनात पाण्याचा प्रश्न श्रद्धेचा ठरतो, तर तो त्यांच्या बाबतीतही ठरायला हवा. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने या प्रश्नाला कायदेशीर परिमाणही दिले. त्या आदेशाची सवलत आरंभी हिंदूंपुरती होती, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाली. दलित ख्रिस्ती तिच्याबाहेर राहिले. परिणामी ख्रिस्तीपण उघड मान्य करणे, ही पदमनजींची कसोटी, त्यांच्यासाठी वेगळ्याच अर्थाने महागडी ठरली.

कबुली, आज्ञाधारकता, अनुभव, शिष्यत्व आणि व्यवहार अशा पाच कसोट्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात एकामागून एक पुढे आल्या. त्यांपैकी कोणतीही आधीचीला पूर्णपणे बाद करत नाही. प्रत्येक कसोटी आधीच्या कसोटीने कोणाला बाहेर ठेवले हे दाखवते. या दृष्टीने पाहता ‘खरा ख्रिस्ती कोण’ या प्रश्नाचा इतिहास हा उत्तरांचा इतिहास कमी आणि उत्तर देण्याचा हक्क कोणाकडे होता याचा इतिहास अधिक आहे. ज्यांना तो हक्क छापील मराठीत फार उशिरा मिळाला, त्यांच्या साक्षी मंडळ्यांच्या नोंदवह्यांत, भजनांत आणि मौखिक कुटुंबकथांत शोधाव्या लागतील. आत्मचरित्र आणि पत्र यांच्यासाठी घडलेली समीक्षेची साधने तेथे पुरेशी पडणार नाहीत, याची जाणीव ठेवूनच तौलनिक अभ्यासाला ते काम हाती घ्यावे लागेल.