सात देवे आणि बापाचा धागा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांत, एखाद्या वृद्ध गोंडाला त्याचे कूळ विचारावे, तर तो केवळ आडनाव सांगून थांबत नाही. आपण किती देवांचे, हेही सांगतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी ही विभागणी असून तिला सगा म्हणतात. मडावी, आत्राम, मेश्राम, कुमरे, टेकाम ही आडनावे कोणत्या ना कोणत्या सग्यात बसतात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ते एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मूल बापाच्या सग्यात जन्मते. मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या सग्यात जाते. सारी मोजदाद पुरुषांच्या ओळीने चालते.

ही मोजदाद कागदावर नव्हती, परधानांच्या मुखी होती. गोंड घराण्याचा परधान परंपरेने ठरलेला असे. तो किंगरी वाजवून यजमानाच्या कुळाची कथा गाई आणि त्याबद्दल त्याला दान मिळे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवून त्यांची कुळे पाडणाऱ्या लिंगोची कथा छापील रूपात वाचकांपुढे आली, ती मात्र एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या कष्टांमुळे. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यांच्या कागदपत्रांत ही कथा सापडली आणि रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ साली प्रसिद्ध केली. (या कथानायकाचे पूर्ण नाव पारी कुपार लिंगो. वसईच्या कुपारी वाचकांनी मात्र हुरळून जाऊ नये. त्यांचे नाव पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आले असे मानतात. नावे जुळली म्हणजे रक्त जुळले असे होत नाही.)

गेल्या काही दशकांत जीवशास्त्रानेही बापाच्या ओळीचीच एक मोजदाद सुरू केली आहे. पुरुषाच्या पेशीतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. पिढ्यान्‌पिढ्यांत त्यात क्वचित एखादा बारीक फरक पडतो आणि तो पुढच्या साऱ्या मुलांत खुणेसारखा उतरतो. या खुणांवरून पितृवंशांचे गट पाडतात व त्यांना रोमन अक्षरांची नावे देतात. आईची ओळ निराळ्या ठिकाणी जपलेली असते. पेशीतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म घटकाचे जनुकद्रव्य मुलगा-मुलगी दोघांनाही आईकडूनच मिळते. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की एखाद्या समाजाचे पितर आणि माता एकाच दिशेने आल्या की निरनिराळ्या, हे कळू लागते.

विदर्भातच याचे उदाहरण आहे. मेळघाटातील कोरकूंची भाषा मुंडा कुळातील आहे. मुंडा भाषिकांच्या पितृवंशांत ओ गटाच्या एका शाखेचे प्राबल्य असून तिचे मूळ आग्नेय आशियाकडे जाते. त्यांचे मातृवंश मात्र भारतीयच आहेत. पूर्वेकडून आलेल्या पुरुषांनी येथील स्त्रियांशी संसार मांडला, असा याचा सरळ अर्थ. गोंडांची भाषा द्राविडी. तेव्हा त्यांचे रक्ताचे नाते तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांशी अधिक असावे, असा कोणाचाही तर्क होईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो खोटा ठरविला. गोंडांच्या वंशातील मोठा वाटा मुंडा भाषिकांशी जुळतो, असे त्यात आढळले. भाषा एकीकडची आणि वंशाचा मोठा वाटा दुसरीकडचा! सात देव्यांचे शुद्ध कूळ सांगणारे परधानाचे गीत आणि हा निष्कर्ष यांत आम्हांला विसंगती वाटत नाही. गीत सांगते ते नाते कोणाशी मानायचे. कोण कोणात केव्हा मिसळले, हे सांगण्याचा त्याचा दावाच नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की कोणी तरी घसा खाकरून सांगतोच, ‘आम्ही मूळचे ब्राह्मण.’ बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुतले जायचे, ते अनेक घरांत कपाटात नीट घडी घालून ठेवलेले असते. २०२१ साली गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील रोमन कॅथलिकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. गौड सारस्वतांशी त्यांची जवळीक दिसली आणि चाळीस टक्क्यांहून अधिक पितृवंश आर१ए या गटाचे निघाले. कपाटातील घडीला विज्ञानाचा शिक्का मिळाला, असे काहींना वाटले असेल. परंतु हाच आर१ए नल्लमलाच्या डोंगरांतील चेंचू या आदिवासींच्या सुमारे एक चतुर्थांश पुरुषांत २००३ सालच्या अभ्यासात आढळला होता. त्या धाग्यावर जात लिहिलेली नसते.

आणि तो धागा तरी केवढा? दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. वीस पिढ्या मागे गेले की दहा लाखांवर. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाची खबर देते. बाकीच्यांबद्दल ते मुके असते. शिवाय आजच्या बहुतेक भारतीय समाजांत दोन जुने प्रवाह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मिसळले आणि त्यानंतर जातीबाहेरची लग्ने जवळजवळ थांबली, असे २०१३ साली संशोधकांनी दाखविले. ज्या शुद्धतेचा आपण अभिमान बाळगतो, ती सरमिसळ झाल्यानंतरची आहे.

पैनगंगा ओलांडली की आदिलाबादच्या बाजूला केसलापूर लागते. तेथे पौष अमावास्येला मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते आणि यवतमाळकडचे मेश्रामही तिला जातात. जत्रेत भेटिंग नावाचा विधी असतो. कुळात नव्याने आलेल्या सुनांना देवापुढे व वडीलधाऱ्यांपुढे आणतात. त्यानंतरच त्यांना कुळाच्या पूजेत भाग घेता येतो. या सुना दुसऱ्या सग्यांतून आलेल्या असतात आणि कुळाच्या गीतात त्यांच्या आयांची ओळ येत नाही. ती त्या आपल्याबरोबर घेऊन येतात, आणि पुढे मेश्रामांच्या प्रत्येक लेकराच्या पेशीत ती असते.