पट्टा तुटला, इंजिन वाचले का?

फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती आपण फळ्यावर नेहमी काढतो. दट्ट्या दोनदा वर व दोनदा खाली जातो, तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा. आकृतीत हे आपोआप घडते. प्रत्यक्ष इंजिनात मात्र दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडून ठेवावे लागतात. पूर्वी हे काम दंतचक्रे किंवा साखळी करीत. ते रबरी पट्ट्याकडे कसे आले, आणि त्याबरोबर कोणता धोका आला, ते पाहू.

साधा पट्टा थोडा तरी घसरतोच. १९४० च्या दशकात अमेरिकेतील गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला दाते बसवले. शिवणयंत्रात सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ अचूक राहावा, हा त्यामागचा हेतू होता. पश्चिम जर्मनीतील डिंगॉल्फिंगच्या हान्स ग्लास कंपनीने १९६२ मध्ये ‘ग्लास १००४’ या मोटारीत असाच पट्टा कॅमशाफ्टसाठी वापरला. मोठ्या संख्येने निघालेली ही अशा पट्ट्याची पहिली मोटार. १९६६ मध्ये अमेरिकेतील पॉन्टिअक आणि इटलीतील फियाट या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. पट्टा हलका, स्वस्त व आवाज न करणारा होता. त्याला तेलही लागत नव्हते. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे तो घरोघरी पोचला.

पण झिजलेली साखळी बहुधा खडखडून सूचना देते. पट्टा पुष्कळदा काही न सांगता तुटतो. तो तुटताच झडपांच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅमशाफ्ट थांबते. क्रँकशाफ्ट मात्र जडत्वाने फिरत राहते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात दट्ट्या सेकंदाला ५० वेळा माथ्यावर येतो. त्या वेळी उघडी राहिलेली झडप त्याच्या वाटेत असली, तर ती वाकते.

झडप वाटेत असेल की नाही, हे इंजिनाच्या आराखड्यातच ठरलेले असते. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फ मोटारीत आणलेले डिझेल इंजिन पाहा. त्याचे संपीडन गुणोत्तर २३.५ आणि दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर होती. ८० ला २२.५ ने भागले की माथ्यावर उरणाऱ्या जागेची सरासरी उंची मिळते, सुमारे ३.५ मिलिमीटर. त्यातलीही बरीच जागा बाजूच्या ज्वलनकक्षात जाते. उघडी झडप याहून कितीतरी खाली उतरते. ही जागा वाढवली तर संपीडन घटते, आणि तेवढ्याच इंधनातून काम कमी मिळते. काही पेट्रोल इंजिनांत पुरेशी जागा राहते. तेथे नवा पट्टा घातला की काम भागते.

म्हणून पट्टा तुटल्यावर पहिला नियम असा, की स्टार्टर पुन्हा फिरवायचा नाही. वाचलेली झडपही त्याने वाकू शकते. मग इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहायचे. धोक्याच्या प्रकारातले असले तरी ते लगेच उघडावे लागत नाही. चार सिलिंडरांच्या सरळ रांगेतील इंजिनात क्रँकशाफ्ट माथ्याच्या खुणेपासून पाव फेरा मागे घेतली, की चारही दट्टे मधल्या उंचीवर येतात. फिरवताना अडथळा जाणवला तर तिथेच थांबायचे. आता कॅमशाफ्ट हाताने फिरवून एका सिलिंडरच्या सर्व झडपा बंद होतील अशी ठेवायची, क्रँकशाफ्ट घट्ट धरायची, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाखालची हवा सोडून कान द्यायचा. सुस्कारा हवेच्या गाळणीकडून आला तर आत घेणारी झडप वाकलेली. धुराच्या नळीतून आला तर बाहेर सोडणारी. तेल भरण्याच्या तोंडातून जोराने आला तर दोष दट्ट्यात किंवा त्याच्या कड्यांत. असे प्रत्येक सिलिंडरचे करायचे. एकाही सिलिंडरमधून झडपेकडे गळती नसेल, तर नवा पट्टा घालून इंजिन चालवून पाहण्यास हरकत नाही. दट्ट्यावरचा बारीक तडा मात्र या चाचणीला चुकवू शकतो, हे लक्षात ठेवावे.

वर्गात उत्तरे आधी सांगू नयेत. आकृती पुढे ठेवून विचारावे : हवेला बाहेर पडायला वाटा किती, आणि प्रत्येक वाट कुठे निघते? निदान विद्यार्थी स्वतःच करतील.