रोगप्रतिकार : शक्ती नव्हे, शिस्तबद्ध यंत्रणा

शेतात काम करताना पायात बाभळीचा काटा रुततो. काटा काढला जातो, रक्ताचा थेंब पुसला जातो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. संध्याकाळपर्यंत ती जागा लाल होऊन ठणकू लागते. एक-दोन दिवसांत तेथे पू धरतो, जांघेत अवधाण येते आणि अंगात कणकण जाणवते. आठवडा-दहा दिवसांत बहुधा सारे पूर्ववत होते. या नित्याच्या घटनेत शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील बहुतेक सर्व घटक आपापले काम करून गेलेले असतात.

या व्यवस्थेला मराठीत ‘रोगप्रतिकारशक्ती’ असे म्हटले जाते. शब्द रूढ असला तरी त्यामुळे एक गैरसमज पसरतो. शक्ती म्हटली की ती कमी-अधिक होणारी आणि एखाद्या गोळीने किंवा काढ्याने वाढविता येणारी वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती अनेक अवयव, पेशी आणि रसायने यांनी मिळून बनलेली यंत्रणा आहे. परक्याला अचूक ओळखणे, वेळेत पोहोचणे आणि काम संपताच थांबणे या तीन गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते.

पहिला अडसर

रोगजंतूंना पहिला अडथळा होतो तो त्वचेचा. अखंड त्वचेतून बहुतेक जीवाणू आणि विषाणू आत शिरू शकत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या आतील अस्तरावर चिकट स्राव असतो. त्यात अडकलेले कण व जंतू तेथील सूक्ष्म केसांसारखे तंतू बाहेरच्या दिशेने ढकलत राहतात. अश्रू आणि लाळ यांत ‘लायसोझाइम’ नावाचे द्रव्य असते. अनेक जीवाणूंचे बाह्य आवरण ते फोडते. पुढे पेनिसिलिनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले होते. अन्नपाण्यावाटे पोटात गेलेल्या जंतूंपैकी पुष्कळसे जठरातील आम्लात नष्ट होतात.

काट्याने हा अडसर भेदला की दुसरी फळी कामाला लागते.

लाली, सूज आणि पू

त्वचेखालील ऊतींमध्ये भक्षक पेशींचा कायम पहारा असतो. जीवाणूंच्या बाह्य आवरणातील काही घटक मानवी शरीरात कोठेही नसतात. त्या घटकांवरून या पेशी परका ओळखतात, त्याला गिळतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांमुळे आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त अधिक येते म्हणून ती जागा लाल व गरम होते, द्रव पाझरतो म्हणून सूज येते आणि मज्जातंतू उद्दीपित होतात म्हणून ठणका लागतो. पाठोपाठ रक्तातील ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशी काही तासांतच तेथे दाखल होतात.

निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात व त्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. जंतूंशी झुंजताना या पेशी स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, जंतू आणि ऊतींचे अवशेष यांचे मिश्रण म्हणजेच पू.

पेशी जंतूंना गिळतात, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांना १८८२ साली इटलीतील मेसिना येथे सुचली. तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात त्यांनी काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. या क्षेत्रातील संशोधनासाठी १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना व जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले.

अवधाण का येते?

ही दुसरी फळी झटपट काम करते; परंतु तिची ओळख ढोबळ असते. विशिष्ट जंतूवर नेमका मारा करणे हे ‘लिम्फोसाइट’ या पांढऱ्या पेशींचे काम होय. त्यांचे बी-पेशी आणि टी-पेशी असे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन्ही अस्थिमज्जेत जन्मतात. टी-पेशी मात्र छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर उलटण्याची शक्यता असलेल्या बहुतेक टी-पेशी तेथेच बाद केल्या जातात.

प्रत्येक लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर एका ठरावीक आकारालाच चिकटणारे ग्राहक असतात. मोजक्या जनुकांच्या तुकड्यांची नानाविध जुळणी होऊन असे असंख्य प्रकार तयार होतात. बी-पेशींमधील ही किमया उलगडणाऱ्या जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजेच आजवर कधी न भेटलेल्या जंतूलाही ओळखणाऱ्या पेशी शरीरात आधीच असतात. त्यांची संख्या मात्र अत्यल्प असते.

त्यांची आणि जंतूची गाठ पडते ती लसिकाग्रंथींत. जखमेतील जंतूंचे तुकडे घेऊन ‘डेन्ड्रिटिक’ पेशी जवळच्या ग्रंथीत जातात. तेथे योग्य लिम्फोसाइट सापडला की त्याचे वेगाने विभाजन सुरू होते आणि ग्रंथी फुगते. पायाच्या जखमेने जांघेत येणारे अवधाण ते हेच. बी-पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज, तयार होतात व रक्तावाटे सर्वत्र पसरतात. काही टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात, तर काही इतर पेशींना चालना देतात. या साऱ्याला पहिल्या वेळी साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

प्लेगचे जंतू याच ग्रंथींमध्ये वाढतात आणि तेथे मोठ्या गाठी येतात. म्हणून त्याला पूर्वी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली असता वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

शरीराची स्मरणवही

संसर्ग ओसरल्यावर बहुतेक लिम्फोसाइट मरतात. काही मात्र ‘स्मृतिपेशी’ म्हणून उरतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या काही दिवसांतच प्रतिसाद देतात आणि अनेकदा रोगाची चाहूलही लागत नाही. ही स्मृती किती टिकते याचे उत्तम उदाहरण उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाले. तेथे १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी केली. मधली पासष्ट वर्षे गोवर बेटांवर नव्हता. स्मृती मात्र टिकून होती.

गोवर स्वतः मात्र इतर रोगांविषयीची स्मृती पुसतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्या आधीच्या प्रतिपिंडांच्या संग्रहापैकी ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. ‘गोवर येऊन गेलेलाच बरा’ हा समज त्यामुळेच घातक ठरतो.

धनुर्वात आणि पिसाळलेला कुत्रा

काट्याबरोबर मातीतील धनुर्वाताचे जंतू आत गेले तर मात्र यंत्रणेचे वेळापत्रकच कोलमडते. या जंतूचे विष इतके जहाल असते की प्राणघातक ठरणारी मात्राही प्रतिपिंडे निर्माण करण्यास अपुरी पडते. म्हणूनच धनुर्वातातून बरा झालेला रुग्णही पुढे सुरक्षित नसतो. त्यालाही लस घ्यावीच लागते. लशीत निर्विष केलेले तेच द्रव्य पुरेशा मात्रेत असते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लस, पुढे दीड वर्षाच्या सुमारास व पाच ते सहा वर्षांच्या वयात वर्धक मात्रा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी लस दिली जाते. गरोदर स्त्रीला लस दिल्यास तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. लसीकरण आणि सुरक्षित प्रसूती यांमुळे माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले.

रेबीजमध्ये शर्यत अधिक थरारक असते. चावलेल्या जागेतून विषाणू मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. या काळात यंत्रणेला त्याचा पुरेसा सुगावा लागत नाही आणि लक्षणे दिसल्यानंतर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लस त्या आधी प्रतिपिंडे तयार करवून घेते; पण त्यासही आठवडा ते दोन आठवडे लागतात. म्हणूनच रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन देतात. ही प्रतिपिंडे उसनी असल्याने काही आठवड्यांत संपतात. तोवर शरीराची स्वतःची तयार झालेली असतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, त्वरित रुग्णालय गाठणे आणि लशीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी घेणे, यांपैकी काहीही वगळता येत नाही.

आवरही हवाच

प्रतिकार जितका जोरदार तितका चांगला, असे मानणे चूक आहे. ही यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली की ऱ्हुमॅटॉइड संधिवात, पहिल्या प्रकारचा मधुमेह यांसारखे विकार जडतात. निरुपद्रवी परागकणांवर तुटून पडली की अ‍ॅलर्जी होते. तिला आवर घालणाऱ्या ‘नियामक टी-पेशीं’संबंधीच्या शोधासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कोविडच्या साथीतही प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या औषधाने मृत्यूचे प्रमाण घटते, असे २०२० साली ब्रिटनमधील चाचणीत दिसून आले. हे औषध प्रतिकार वाढवीत नाही. भडकलेला दाह शमविते.

याउलट एचआयव्हीचा विषाणू सीडी-४ या साहाय्यक टी-पेशीच नष्ट करतो. निरोगी व्यक्तीत एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. उपचारांअभावी त्या २०० च्या खाली गेल्या की एरवी किरकोळ ठरणारे संसर्गही जिवावर बेततात. कुपोषण, अनियंत्रित मधुमेह, वार्धक्य आणि अवयवरोपणानंतरची औषधे यांमुळेही ही यंत्रणा दुबळी होते.

काय करावे?

प्रतिकारशक्ती ‘वाढविण्याचा’ दावा करणाऱ्या चूर्णांची व गोळ्यांची जाहिरात कोविडनंतर घरोघरी पोहोचली. निरोगी माणसाची ही सर्व यंत्रणा एकाच वेळी सशक्त करणारे द्रव्य मात्र सिद्ध झालेले नाही. शरीरात एखादे जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर ते भरून काढणे हिताचे. कमी नसताना अधिक घेतल्याने संरक्षण वाढतेच असे नाही. पोटभर चौरस आहार, पुरेशी झोप, तंबाखूपासून दूर राहणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे यांमुळे यंत्रणेला तिचे काम नीट करता येते. नेमक्या शत्रूची ओळख तिला आगाऊ करून देण्याचा खात्रीचा व तुलनेने सुरक्षित मार्ग लसीकरण हाच आहे.

काटा रुतल्यावर जखम स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली होती हे आठवून पाहावे. ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.