त्वचेतील ताण आणि जखमेचा वण : एका नकाशाचा इतिहास

जखम भरून आल्यावर मागे राहणारा वण कोणाचा बारीक रेघेसारखा असतो, तर कोणाचा जाड आणि उंचवट्याचा. संसर्ग, वय व आनुवंशिकता ही त्याची परिचित कारणे होत. त्वचेत सतत असणारा ताण हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. या ताणाचा शोध कसा लागला आणि त्याचा अर्थ लावताना शास्त्र कोठे अडखळले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या इतिहासाचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. गोल टोच्याने झालेली जखम गोल न राहता लांबट, फटीसारखी दिसते, हे 1830 च्या दशकात पॅरिसचे शल्यचिकित्सक गियोम द्युपुईत्रां यांनी नोंदविले. हत्यार गोल असताना जखम लांबट का, हा प्रश्न पुढे व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर (1819–1887) यांनी हाती घेतला. त्यांनी मृतदेहांच्या त्वचेवर गोल टोच्याने असंख्य छिद्रे पाडली, प्रत्येक फटीची दिशा नोंदविली आणि त्या दिशा जोडून संपूर्ण शरीराचा नकाशा तयार केला. हे संशोधन 1861 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रेषांना आजही ‘लांगर रेषा’ म्हणतात.

लांगर यांचा हेतू त्वचेची रचना समजून घेण्याचा होता. शस्त्रक्रियेची चीर कोठे द्यावी हे सांगण्याचा नव्हता. तथापि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील ख्यातनाम शल्यचिकित्सक थिओडोर कोखर (नोबेल पारितोषिक, 1909) यांनी चीर या रेषांना अनुसरून द्यावी असे प्रतिपादन केले, आणि हा नकाशा शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

येथेच खरी अडचण होती. मृतदेहातील स्नायू आकुंचन पावत नाहीत. जिवंत माणूस मात्र हसतो, वाकतो, हात उचलतो. कपाळाचे उदाहरण घेऊ. तेथील स्नायूचे तंतू उभे, तर सुरकुत्या आडव्या असतात. म्हणजेच सुरकुती स्नायूच्या ओढीला काटकोनात पडते. 1951 मध्ये कॉर्नेलियस क्रेसल यांनी याच तत्त्वावर जिवंत शरीरासाठी वेगळ्या रेषा सुचविल्या. 1962 मध्ये अल्बर्ट बोर्जेस व त्यांचे सहकारी अलेक्झांडर यांनी, त्वचा सैल असताना चिमटीत धरल्यावर दिसणाऱ्या ताणरेषांची संकल्पना मांडली. चेहऱ्यावर काही ठिकाणी या रेषा लांगर यांच्या रेषांशी जुळत नाहीत. लांगर यांची निरीक्षणे चुकीची नव्हती. ती ज्या परिस्थितीत घेतली गेली ती परिस्थितीच नंतरच्या वाचकांच्या नजरेआड झाली होती.

ताणाने वण का वाढतो, याचे उत्तर मात्र पेशींच्या अभ्यासातून मिळाले. 1971 मध्ये जूलिओ गाबियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भरत असलेल्या जखमेतील फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये स्नायूंसारखे आकुंचनक्षम तंतू असल्याचे दाखविले. या पेशींना मायोफायब्रोब्लास्ट हे नाव मिळाले. त्या जखमेच्या कडा जवळ ओढतात आणि कोलॅजन तयार करतात. काम संपल्यावर त्यांनी नाहीसे व्हावे अशी निसर्गाची योजना असते. परंतु ताण कायम राहिला तर त्या टिकून राहतात, कोलॅजन साचत जाते आणि वण जाड होतो.

उंदरांच्या जखमेवर सहसा जाड वण धरत नाही. मात्र 2007 मध्ये अमेरिकेतील जेफ्री गर्टनर यांच्या गटाने उंदरांची जखम यंत्राने ताणून धरली, तेव्हा माणसासारखा जाड वण निर्माण झाला. 2012 मध्ये त्याच गटाने पेशीला बाहेरच्या ताणाची खबर देणारे एक प्रथिन ओळखले. ते फायब्रोब्लास्टमधून काढून टाकलेल्या उंदरांत वण कमी झाला. 2021 मध्ये ताणाचा हा संदेश औषधाने रोखल्यावर उंदरांच्या जखमेत केसांसह जवळजवळ पूर्ववत त्वचा उगवल्याचे प्रसिद्ध झाले. हा निष्कर्ष उंदरांवरील आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मानवी रुग्णांबाबत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारंभिक चाचणीत, पोटावरील एकाच चिरेच्या ज्या भागावर ताण कमी करणारी पट्टी लावली होती, तेथे वण सौम्य राहिल्याचे आढळले.

छाती व खांदा या सतत ओढल्या जाणाऱ्या भागांवर कीलॉइड अधिक आढळते, तर डोक्याच्या घट्ट त्वचेवर क्वचितच, हेही याच सूत्रात बसते.

विज्ञान शिकविणाऱ्या अध्यापकांना या इतिहासात एक उपयुक्त धडा आहे. पाठ्यपुस्तकातील आकृती विद्यार्थ्यांपुढे ठेवताना ती कोणी काढली इतकेच सांगून भागत नाही; ती कशावरून आणि कोणत्या प्रश्नासाठी काढली, हेही सांगावे लागते. लांगर यांच्या नकाशाबाबत हा प्रश्न ठामपणे विचारला जाण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि त्या काळात त्याचे उत्तर रुग्णांच्या त्वचेवरच लिहिले जात होते.