स्मृतिदिनाचे मूळ : एका बंधुसंस्थेच्या परिपत्रकाची कथा

राष्ट्रीय सुट्ट्या शासन ठरविते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. राजपत्रात घोषणा होते, दिनदर्शिकेत तांबडा आकडा उमटतो आणि शाळा-कचेऱ्या बंद राहतात. अमेरिकेतील ‘मेमोरियल डे’ अर्थात स्मृतिदिनाचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. तेथे आधी लोकांनी दिवस पाळला, मग एका संस्थेने त्याची तारीख ठरविली आणि शासन सर्वांत शेवटी आले. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात वाचकांना हा दूरदेशीचा वृत्तांत अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ‘लॉज’ नावाच्या बंधुसंस्थांचे जाळे गावोगावी पसरले होते. आपल्याकडे लॉज म्हटले की बसस्थानकासमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. तेथे त्याचा अर्थ सभासदांची शाखा आणि तिचे सभागृह असा होता. सभासदाने वर्गणी भरावी, आजारपणात संस्थेने त्याला साहाय्य करावे आणि त्याच्या मृत्यूनंतर अंत्यविधीचा भार उचलून विधवेची विचारपूस करावी, असा हा व्यवहार होता. विमा आणि निवृत्तिवेतन सामान्य माणसाला परिचित नव्हते, त्या काळी या आश्वासनाचे मोल फार मोठे होते. ‘ऑड फेलोज’ या संस्थेने तर आजाऱ्यांची भेट, पीडितांना साहाय्य, मृतांचे दफन आणि अनाथांचे शिक्षण ही आपली कर्तव्येच ठरवून घेतली होती.

१८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत भीषण यादवी युद्ध झाले. सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. युद्धातून परतलेल्या उत्तरेकडील सैनिकांनी १८६६ साली इलिनॉय राज्यातील डेकाटर येथे ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही बंधुसंस्था स्थापन केली. डॉ. बेंजामिन स्टीफन्सन हे तिचे संस्थापक. बंधुभाव, दानधर्म आणि राष्ट्रनिष्ठा ही तिची तीन तत्त्वे होती. दीक्षाविधी फ्रीमेसन मंडळींच्या धर्तीवर घेतले होते. नव्या सभासदाच्या प्रवेशासाठी पेटीत पांढऱ्या व काळ्या गोट्या टाकून मत दिले जाई. शाखांना ‘पोस्ट’, म्हणजे ठाणे, म्हणत. प्रत्येक ठाण्यात अपंग सैनिक, विधवा आणि अनाथ यांच्यासाठी मदतनिधी असे. १८९० च्या सुमारास सभासदसंख्या चार लाखांवर गेली होती.

या संस्थेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी आपल्या शाखांना ११ क्रमांकाचे परिपत्रक पाठविले. येत्या ३० मे रोजी युद्धात कामी आलेल्या सोबत्यांच्या समाध्यांवर फुले वाहावीत, एवढाच त्याचा आशय. विधी कोणता करावा याचे बंधन नव्हते. प्रत्येक ठाण्याने आपापल्या रीतीने समारंभ करावा असे म्हटले होते. वृत्तपत्रांनी हे वृत्त वेळेत छापून साहाय्य करावे, अशी विनंतीही होती. संस्थाचालकांना ही विनंती ओळखीची वाटेल! युद्धातून वाचलेला एक जरी सैनिक हयात असेल तोवर ही प्रथा चालू राहावी, अशी इच्छाही लोगन यांनी व्यक्त केली होती. त्या दिवशी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत सुमारे पाच हजार लोक जमले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफिल्ड यांचे तेथे भाषण झाले. १८७३ साली न्यूयॉर्क राज्याने या दिवसाला प्रथम कायदेशीर सुटीचा दर्जा दिला, आणि इतर राज्ये क्रमाने मागून आली.

येथवरचा इतिहास संस्थेच्या दप्तरातला. परंतु लोगन यांचे परिपत्रक निघण्यापूर्वीही समाध्यांवर फुले वाहिली जात होती. दक्षिणेत, जॉर्जियातील कोलंबस येथील महिला मंडळाने १८६६ साली वृत्तपत्रांतून आवाहन करून असा दिवस पाळला. मिसिसिपीतील कोलंबस गावच्या स्त्रियांनी त्याच वर्षी शत्रुपक्षाच्या समाध्याही सजविल्या. न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू गावाला तर १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्मृतिदिनाचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली.

या सर्वांच्या आधीची घटना मात्र शतकभर विस्मृतीत राहिली. साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान युद्धकाळात कैद्यांची छावणी झाले होते. तेथे मरण पावलेल्या उत्तरेच्या अडीचशेहून अधिक सैनिकांना घाईने पुरले होते. नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी ते अवशेष व्यवस्थित पुन्हा पुरले, भोवती कुंपण घातले आणि प्रवेशद्वारावर कमान उभारली. १ मे १८६५ रोजी सुमारे दहा हजार लोकांची मिरवणूक तेथे निघाली. अग्रभागी सुमारे तीन हजार शाळकरी मुले हाती फुले घेऊन चालत होती. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना जुन्या कागदपत्रांत याची नोंद सापडली आणि त्यांच्या २००१ च्या ग्रंथामुळे ती सर्वज्ञात झाली. चार्ल्सटनच्या समारंभाचा लोगन यांच्या परिपत्रकाशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते पहिलेपणाचा मान त्या मिरवणुकीचाच आहे. त्या लोकांपाशी शाखा नव्हत्या, परिपत्रक नव्हते आणि आपला वृत्तांत जपून ठेवणारे दप्तरही नव्हते. म्हणून श्रेय इतरांकडे गेले.

बंधुसंस्थांच्या पुढाकारातून दिनविशेष घडल्याची उदाहरणे आणखीही आहेत. १४ जूनचा ध्वजदिन ‘एल्क्स’ या संस्थेने १९०७ साली स्वीकारला आणि १९११ साली प्रत्येक शाखेला अनिवार्य केला. त्यासंबंधीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची स्वाक्षरी १९४९ साली झाली. ते स्वतः एल्क्सचे सभासद होते.

पहिल्या महायुद्धानंतर स्मृतिदिन सर्वच युद्धांतील मृत सैनिकांसाठी पाळला जाऊ लागला. १९६८ च्या कायद्यानुसार १९७१ पासून ३० मे ऐवजी मे महिन्याचा अखेरचा सोमवार निश्चित झाला. जोडून सुटी मिळते म्हणून लोक सहलीला जातात, अशी माजी सैनिकांची तक्रार तेव्हापासून ऐकू येते.

ग्रँड आर्मी मात्र हा बदल पाहावयास उरली नव्हती. सभासदत्व केवळ त्या युद्धातील सैनिकांनाच असल्याने संस्थेचा अंत ठरलेलाच होता. १९५६ साली अखेरचे सभासद अल्बर्ट वूल्सन निवर्तले आणि संस्था विसर्जित झाली. लोगन यांनी घातलेली मुदत त्या दिवशी संपली, पण दिवस चालूच राहिला. पेनसिल्व्हेनियातील कार्नेगी गावच्या ग्रंथालयात तिच्या एका ठाण्याची खोली आहे. शेवटचे सभासद गेल्यावर तिला कुलूप लागले आणि कित्येक दशके ती बंदच होती. २०१० साली जीर्णोद्धार होऊन ती पाहण्यास खुली झाली. खुर्च्या, ध्वज, भिंतीवरील चित्रे यांबरोबर तेथे एक जाडजूड बांधीव वही जपून ठेवली आहे. आपण युद्धात कोठे होतो आणि काय सोसले, हे सभासदांच्या सांगण्यावरून तीत एकेका पानावर लिहून घेतलेले आहे.